जामीनदाराची सही आणि ग्रीकांचे सुख

दत्त महाराजांनी चोवीस गुरू केले, हे आपल्या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पृथ्वी, वारा, समुद्र तर त्यात आहेतच. पण अजगर आहे, मासा आहे, पिंगला आहे, मान खाली घालून बाण घडवत बसलेला कारागीरही आहे. शिकण्यासारखं जिथे दिसलं तिथे हात जोडले, समोरच्याचं कूळ विचारलं नाही. तोच धागा धरून यंदा मी जरा लांबच्या मुलखात जाणार आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लास. पुढे पस्तीस वर्षं बँकेत कारकून. आधी लेजर, मग कॅश, शेवटची नऊ वर्षं कर्ज विभाग. तत्त्वज्ञान हा विषय आमच्या कॉलेजात समोरच्या इमारतीत शिकवत, एवढाच त्याचा माझा संबंध. निवृत्तीनंतर वाचनालयात जाऊन बसायची सवय लागली आणि तिथे ग्रीकांची भाषांतरं हाती आली. वाटलं होतं, फार उंचावरच्या गप्पा असतील. निघालं काय, तर कर्ज, गहाण, जामीन! माझ्याच टेबलावरचे कागद. मग सोडवेना.

ग्रीकांचे तीन शब्द आहेत, त्यांच्याभोवती सगळं फिरतं. पहिला ‘अरेते’. याचं भाषांतर ‘सद्गुण’ असं करतात, पण ते थोडं अपुरं पडतं. अरेते म्हणजे ज्या गोष्टीचं जे काम, ते उत्तम होणं. सुरीची अरेते नीट कापण्यात, घोड्याची धावण्यात आणि स्वाराला पाठीवर घेऊन जाण्यात, डोळ्याची पाहण्यात. मग माणसाचं म्हणून काम कोणतं, आणि ते उत्तम करणारा माणूस कसा असेल, हा त्यांचा प्रश्न. दुसरा शब्द ‘एउदाइमोनिया’, म्हणजे सुख. पण आज जेवण छान झालं म्हणून वाटतं तसलं नव्हे. अख्खं आयुष्य चांगलं गेलं असं ज्याच्याबद्दल म्हणता येईल, ते सुख. तिसरा ‘सोफ्रोसिने’. संयम म्हणा, मर्यादा म्हणा, भान म्हणा. आपल्याकडे आजी ज्याला ‘पोच असणं’ म्हणायची, ते त्याच्या बरंच जवळ जातं.

आता या तिन्हींचा एकमेकांशी हिशेब कसा बसतो? संयमानं वागणारा माणूस उत्तमही असतो का? की नुसता सुरक्षित असतो? हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून छळतो आहे. कारण बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस सावध होतोच. आणि सावधपणालाच संयम म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणारे मी खूप पाहिले आहेत.

सुरुवात सोलोनपासून करतो. इसवी सन पूर्व ५९४ मध्ये अथेन्सने त्याला मुख्य अधिकारी नेमलं. तेव्हा तिथली अवस्था अशी होती, की कर्ज घेताना माणूस स्वतःचं शरीरच तारण ठेवी. फेडता आलं नाही की गुलाम. काहींना परदेशात विकलंही होतं. सोलोननं ती कर्जं रद्द केली, शरीर तारण घेण्यावर बंदी घातली, विकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना परत आणवलं. शेतांत रोवलेले खुणेचे दगड आपण उपटून काढले, असं त्यानं स्वतःच्या कवितेत लिहून ठेवलं आहे. ते गहाणाचे दगड असावेत असं मानतात. म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजाच म्हणा, फक्त दगडात. प्लुटार्क सांगतो, की कर्जमाफीची कुणकुण सोलोनच्या काही मित्रांना आधीच लागली. त्यांनी धडाधड कर्जं काढून जमिनी घेतल्या, आणि माफी जाहीर झाल्यावर जमिनी राखल्या. हे वाचून मी वाचनालयात मोठ्यानं हसलो. काही म्हणजे काही बदललेलं नाही! सोलोनचं नाव मात्र साफ राहिलं, कारण त्याचे स्वतःचे लोकांकडे येणे होते आणि ते त्यानं सर्वांत आधी सोडून दिले.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. श्रीमंतांचं म्हणणं, कर्ज बुडवायचं नाही. गरिबांचं म्हणणं, कर्जही सोडा आणि जमिनीही सारख्या वाटून द्या. मधला माणूस म्हणजे नुसता तडजोड करणारा असता, तर त्यानं निम्मं कर्ज माफ करून, निम्म्या जमिनी वाटून सगळ्यांचं समाधान केलं असतं. सोलोननं तसं केलं नाही. कर्ज पूर्ण रद्द, जमिनीचं वाटप अजिबात नाही. दोन्ही पक्ष रुसले. त्या गोंधळात त्याला हुकूमशहा होता आलं असतं. तेही झाला नाही. कायदे मोडणार नाही अशी लोकांना शपथ घालून दहा वर्षांसाठी गाव सोडून गेला. याला ते लोक मर्यादापुरुष समजत. मर्यादा पाळणाऱ्याला बहुतेकदा दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात, एवढं त्यावरून मी ध्यानात ठेवलं.

त्या भटकंतीत तो लिडियाच्या क्रीसस राजाकडे गेला, असं हेरोडोटस सांगतो. वर्षांचा मेळ नीट बसत नाही. जुन्या काळीच कुणीकुणी ही शंका घेतली होती. पण गोष्ट राहिली. क्रीससनं खजिना दाखवला आणि विचारलं, सर्वांत सुखी माणूस कोण पाहिलास? सोलोन म्हणाला, अथेन्सचा टेलस. कोण हा टेलस? कुणी नाही. मुलं चांगली निघाली, नातवंडं सगळी जगली, खाऊनपिऊन बरा होता, आणि गावासाठी लढताना मेला. बरं, मग दुसरा कोण? आर्गोसचे दोन भाऊ. आईला देवीच्या उत्सवाला जायचं होतं, बैल शेतावरून वेळेवर आले नाहीत, म्हणून दोघांनी स्वतः जू खांद्यावर घेऊन गाडी ४५ स्टेडिया, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, ओढत नेली. आईनं देवीजवळ मुलांसाठी सर्वांत चांगलं असेल ते मागितलं. दोघं देवळात झोपले ते उठलेच नाहीत. क्रीसस भडकला. मग सोलोननं त्याला आयुष्याचा हिशेब मांडून दाखवला. सत्तर वर्षं धर; वर्षाचे दिवस ३६०, म्हणजे २५,२००; वर्षाआड एक अधिक महिना, असे ३५ महिने, त्यांचे १,०५०; एकूण २६,२५० दिवस. यातला एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. तेव्हा शेवट पाहिल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये.

सवयीप्रमाणे मी आकडे तपासले. बेरीज बरोबर आहे. पण वर्षाआड अधिक महिना धरल्यामुळे सत्तर वर्षांत सुमारे ६८० दिवस जास्त लागले आहेत. आपलं पंचांग तो महिना साधारण पावणेतीन वर्षांनी धरतं, ते बरोबर. असो. क्रीससचं राज्य पुढे इराणच्या सायरसनं घेतलं. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे चितेवर उभं केल्यावर त्याला सोलोन आठवला.

आता डेल्फी. अपोलो देवाचं तिथलं देऊळ म्हणजे साऱ्या ग्रीसचं कौल लावण्याचं ठिकाण. त्या देवळावर वचनं कोरली होती. दोन जगाला माहीत आहेत. एक, स्वतःला ओळखावे. दुसरे, कशाचाही अतिरेक करू नये. आपण ‘अति तेथे माती’ म्हणतो तेच. पण तिसरंही वचन होतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. त्याचा अर्थ असा, की जामीन राहिलास की बुडालास.

देवळावर! मी तीनदा वाचलं. कर्ज विभागात नऊ वर्षं मी जामीनदारांच्या सह्या घेतल्या. ‘इथे, इथे आणि मागच्या पानावर.’ हे वचन फ्रेम करून टेबलावर लावलं असतं, तर शाखेचा धंदा बसला असता. जामीनदाराचा चेहरा कर्जदारापेक्षा वेगळा असतो. कर्जदार पैशाकडे बघत असतो. जामीनदार मित्राकडे बघतो, मग कागदाकडे, मग पुन्हा मित्राकडे, आणि सही करतो.

माझा एक सहकारी होता, शेजारच्या काउंटरवर. नाव सांगत नाही. त्याच्या शाळासोबत्यानं छापखाना काढला, त्यासाठी एका पतसंस्थेचं कर्ज घेतलं, आणि जामीन म्हणून यानं सही केली. ऑफसेटची नवी यंत्रं आली, जुना छापखाना चालेना. मालक अंथरुणाला खिळला. वसुली जामीनदाराकडे. सहा वर्षं याच्या पगारातून हप्ता कापला जात होता. वरचा मजला बांधायचा राहिला. स्कूटर घ्यायची राहिली. आमच्यात सगळ्यांत शेवटपर्यंत सायकलवर येणारा तोच. पगाराच्या दिवशी कुणीतरी हळहळायचं, ‘काय मूर्खपणा केलास रे!’ तो हसायचा आणि कॅश मोजायला घ्यायचा. डेल्फीच्या तिसऱ्या वचनाप्रमाणे तो मूर्खच. पण मग त्या वचनाप्रमाणे वागणारे, कुणालाही कधी जामीन न राहिलेले आमचे बाकीचे सहकारी शहाणे, संयमी आणि सुखी म्हणायचे का? माझं मन तसं म्हणायला तयार होईना.

गंमत अशी, की या तिन्ही वचनांचा उल्लेख प्लेटोच्या ज्या संवादात येतो, त्याचा विषयच सोफ्रोसिने हा आहे. त्या संवादाचं नाव कार्मिडीस. त्यात क्रिटियास नावाचा एक हुशार गृहस्थ म्हणतो, की पहिलं वचन हा उपदेश नव्हेच. देवळात येणाऱ्याला देवानं केलेला तो नमस्कार आहे. मागाहून आलेल्यांना तो उपदेश वाटला, म्हणून त्यांनी आपापले उपयोगी सल्ले शेजारी कोरले. अतिरेक नको, जामीन नको. कल्पना मला फार आवडली. देव म्हणतो ‘ये’, आणि माणसं खाली अटी आणि शर्ती जोडतात!

पण हा क्रिटियास कोण? पुढे इसवी सन पूर्व ४०४ मध्ये अथेन्स युद्धात हरल्यावर तीस जणांची जी जुलमी सत्ता आली, तिचा म्होरक्या. त्या राजवटीनं दीड हजारांच्या वर माणसं मारली असा आकडा मिळतो. संवादातला कार्मिडीस, तेव्हाचा गोड, लाजरा मुलगा, तोही मोठेपणी त्याच गटात गेला. दोघे एकाच लढाईत मारले गेले. दोघेही प्लेटोच्या आईकडचे नातलग. हे सारं घडून गेल्यावर प्लेटोनं त्यांच्याच तोंडी संयमाची चर्चा घातली आणि व्याख्या शेवटपर्यंत सापडू दिली नाही. प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची आठवण मला इथे झाली. अधिक बोलत नाही.

प्लेटोजवळ वीस वर्षं राहिलेला ॲरिस्टॉटल, स्टॅगिराचा, वैद्याचा मुलगा. त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत. सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना तोंडपाठ. भित्रेपणा एका बाजूला, अविचारी धाडस दुसऱ्या बाजूला, मध्ये शौर्य. कंजूषपणा आणि उधळेपणा, मध्ये औदार्य. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला लगेच वाटतं, सोपं आहे. दोन्ही टोकांची बेरीज करा, दोनानं भागा.

ॲरिस्टॉटलनं हे ओळखलं होतं, म्हणून त्यानं पैलवानाचं उदाहरण दिलं. मिलो हा क्रोटोनचा मल्ल, ऑलिंपिकात सहा वेळा जिंकलेला. ॲरिस्टॉटल म्हणतो, दहा मिना वजनाचं अन्न फार होतं आणि दोन मिना कमी पडतं, म्हणून वस्ताद प्रत्येकाला सहा मिना वाढत नाही. सहा हे मिलोला कमी आणि कालपासून तालमीत येऊ लागलेल्या पोराला जास्त. गणितातला मध्य सगळ्यांना एकच. वागण्यातला मध्य ज्याचा त्याला, त्या त्या प्रसंगी शोधावा लागतो. योग्य माणसाशी, योग्य वेळी, योग्य तेवढं, योग्य कारणासाठी. तो याची तुलना तिरंदाजाशी करतो. मध्य म्हणजे निशाण. चुकायच्या वाटा हजार, लागायची एकच.

आणि काही गोष्टींना मध्य नसतोच, हेही तो बजावतो. चोरी, खून, व्यभिचार या थोड्या केल्या तरी चूकच. कॅशमध्ये बसलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. माफक अफरातफर म्हणून काही असतं का? शंभराची कमी असो की लाखाची, संध्याकाळी पुस्तक जुळत नाही म्हणजे नाही.

खाण्यापिण्याच्या संयमाबद्दल त्यानं लिहिलंय तेही मजेशीर आहे. एका खादाडानं म्हणे प्रार्थना केली, की देवा, माझा गळा करकोच्याइतका लांब कर. म्हणजे घास खाली जाताना सुख जास्त वेळ टिकेल! उलट बाजूला, ज्याला कशातच गोडी वाटत नाही असा माणूस जवळजवळ सापडत नाही, म्हणून त्या टोकाला रूढ नावदेखील नाही असं तो म्हणतो. त्याच्या मते संयमी माणसाला सुखाचा तिटकारा नसतो. त्याला जेवढं हवं तेवढंच हवंसं वाटतं.

आता आमच्या सायकलवाल्याकडे येतो. एकदा चहाच्या वेळी मी त्याला सरळ विचारलं होतं, ‘अरे, सही करताना विचार तरी केला होतास का?’ तो म्हणाला, ‘केला होता की. फॉर्म मीच भरला. तो बुडाला तर मला महिना किती बसेल ते आधी काढलं, घरी बायकोला दाखवलं. तेवढं झेपणार होतं. त्यानं आधी दुप्पट रकमेसाठी विचारलं होतं, तिथे मी नाही म्हटलं. त्याचा भाऊही आला होता वेगळ्या कर्जासाठी, त्यालाही नाही म्हटलं. मोजून केली बाबा सही.’ आणि चहा संपवून उठला.

पुष्कळ वर्षांनी ॲरिस्टॉटल वाचताना हे बोलणं मला आठवलं. योग्य माणूस, योग्य रक्कम. निशाण दुसरं काय असतं? डेल्फीचं वचन सांगतं, सही करूच नकोस. उधळ्या माणूस सांगेल, मित्र म्हणतो तिथे कर. या दोन टोकांची सरासरी काढली, तर अर्धी सही करावी लागेल! तो मध्ये उभा होता आणि तिथे उभं राहण्याची किंमत सहा वर्षं मोजत होता. मैत्रीवर ॲरिस्टॉटलनं त्या ग्रंथाचे दोन अख्खे भाग खर्च केले आहेत. त्यात तो म्हणतो, की चांगला माणूस मित्रासाठी पैसा सोडतो, मान सोडतो, वेळ आली तर प्राणही. मित्राला पैसा मिळतो आणि याच्या वाट्याला सुंदर कृती येते, म्हणजे मोठा वाटा यानंच उचलला. लेजरमध्ये हे कुठल्या बाजूला लिहायचं?

पण तो सुखी होता का? ॲरिस्टॉटल इथे भाबडेपणा करत नाही. सुखाला थोडं नशीबही लागतं, पैसा, आरोग्य, मुलंबाळं लागतात, हे तो मान्य करतो. फक्त असं म्हणतो, की चांगला चांभार हाती आलेल्या कातड्यातून होईल तितका उत्तम जोडा करतो, तसा चांगला माणूस वाट्याला आलेल्या परिस्थितीतून. कापून आलेल्या पगारात त्यानं घर कसं चालवलं ते मी पाहिलं आहे. कातडं आखूड होतं, जोडा नीट होता.

याच जागी माझं ॲरिस्टॉटलशी भांडणही आहे. दृष्टांताला त्याला चांभार चालतो. पण आदर्श नगरात चांभाराला, सुताराला, दुकानदाराला तो नागरिक करायला तयार नाही. त्यांना फुरसत नसते, म्हणून त्यांना अरेते साधायची नाही, असं त्याचं मत. गुलाम आणि बायका तर आणखी खाली. आणि व्याज! ग्रीक भाषेत व्याजाला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘अपत्य’. पैशाला पैसा व्हावा ही कमाईची सर्वांत अनैसर्गिक रीत, असं तो लिहून गेला. म्हणजे माझी पस्तीस वर्षं, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शनसकट, एका वाक्यात निकालात! त्याच्यानंतर चारेकशे वर्षांनी एपिक्टेटस नावाचा लंगडा गुलाम झाला, मुक्त झाल्यावर त्यानं ग्रीक भाषेत शिकवलं आणि मोठमोठे लोक ऐकायला आले. फुरसत नसलेल्यांना साधत नाही, या मताला त्याचं आयुष्य हेच उत्तर पुरे आहे. पुस्तकातलं सगळंच घ्यायला पाहिजे असं थोडंच आहे? हंसासारखं निवडावं.

शेवटी एक जामिनाचीच गोष्ट सांगतो, डेल्फीच्या वचनाशेजारी ठेवण्यासाठी. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचं ग्रीक शहर होतं. तिथला राजा डायोनिसियस. पायथागोरसच्या पंथातले डेमन आणि फिंटियास हे दोन मित्र तिथे एकत्र राहत. या पंथातल्या लोकांचा मोठा लौकिक. पण दरबारी म्हणाले, हे सगळं वरवरचं, जिवावर बेतलं की कळेल. म्हणून फिंटियासवर राजाविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून मृत्युदंड सुनावला. तो शांतपणे म्हणाला, ठीक आहे, उरलेला दिवस तेवढा द्या. घरखर्चाचं सगळं मी पाहतो, डेमनला त्यातलं काही ठाऊक नाही. ते निरवून येतो. जामीन? डेमन राहील. डेमनला बोलावलं. तो आला आणि राहिला. दरबाऱ्यांनी त्याची भरपूर टिंगल केली, की तुला इथे बळी द्यायला ठेवून तो केव्हाच पसार झाला. सूर्य मावळायच्या सुमाराला फिंटियास मरायला हजर झाला.

ही हकिगत लिहून ठेवली ॲरिस्टोक्सेनसनं, म्हणजे ॲरिस्टॉटलच्याच शिष्यानं. त्याला ती सांगणारा खुद्द डायोनिसियस होता. तेव्हा त्याचं राज्य गेलेलं होतं आणि कोरिंथ गावात तो पोरांना अक्षरं शिकवून पोट भरत होता. त्यानं पुढचंही सांगितलं. आपण दोघांना मिठी मारली, आणि तुमच्या मैत्रीत मला तिसरा म्हणून घ्या अशी विनवणी केली. पुन्हा पुन्हा केली. त्यांनी काही त्याला घेतलं नाही.